मोठ्या बेसवर माझा हात पुरतो, भाऊ

प्रिय भाऊ,

काल तुझी मोठी बेस गिटार मी गळ्यात घातली आणि दुपारभर वाजवली. हात पुरला! अगदी दांडीवरच्या पहिल्या पडद्यापासून पुरला. म्हणून आज शाळेतून आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, तुला लिहायला बसले आहे.

घरात सगळे म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. बरं, नाही बोलत तुझ्याबद्दल. तुझ्याशीच बोलते.

ती छोटी बेस तू माझ्यासाठी कशी आणलीस, आठवतं? नागपूरच्या कॉलेजात असताना तू बेस वाजवायला शिकलास, मोठी बेस घेऊन सौंसरला परत आलास, आणि भजनी मंडळात काय, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात काय, सगळीकडे तूच. मी शाळकरी पोर, तुझ्यासमोर मांडी घालून ऐकत बसायची. एक दिवस तू बसमधून उतरलास तो चादरीत काहीतरी गुंडाळून. कोणा वादकानं वापरून सोडलेली, तांबूस रंगाची, लहानशी बेस.

"हे तुह्यासाठी. घे."

"मोठीसारखीच वाजते का?"

"सूर तेच. स्केल लहान हाय."

"स्केल म्हंजे?"

तू आईची शिवणकामाची टेप घेऊन आलास. वर तार जिथे टेकते त्या नटपासून खाली ती टेकते त्या ब्रिजपर्यंत तार जेवढी मोकळी थरथरते, तेवढी लांबी म्हणजे स्केल. मोठीचं चौतीस इंच, छोटीचं तीस. एवढ्याशा फरकासाठी दोन बेस कशाला, म्हणून मी हसले. "तेवढ्यात लय काही बदलते, नंदे," तू म्हणालास. मोठीची तार जास्त ताणलेली, म्हणून खालचा सूर घट्ट आणि स्वच्छ, एकेक वेगळा ऐकू येणारा. छोटीची तार सैल, दाबायला सोपी, पडदे जवळजवळ, आणि आवाज गोल, मऊ, तबल्याच्या डग्ग्यासारखा. मग तू मला डोळे मिटायला लावलेस आणि एकच भजन कधी हिच्यावर, कधी तिच्यावर वाजवलंस. मी दर वेळी बरोबर ओळखलं. केवढा खूश झाला होतास! स्वयंपाकघरातून आईला हाताला धरून ओढून आणलंस, "पोरीचा कान पाह्य!" म्हणून.

तो भाऊ तरी खरा होता ना?

मग मी हट्ट धरला, मलाही मोठी वाजवू दे. तू पट्टा माझ्या उंचीला आखडलाच नाहीस, तसाच माझ्या गळ्यात घातलास. बेस मांड्यांपर्यंत लोंबत होती. "चार बोटं, चार पडदे. एकेका पडद्यावर एकेक बोट. ठेव." माझी करंगळी काही पोचेना. मनगट मुडपलं, कळ आली. तू हसलास. वाईट नाही, मायेनं हसलास. माझा तळहात तुझ्या तळहातावर ठेवून दाखवलास. "हात लहान हाय तुहा. मोठी तुह्यासाठी नाही. छोटीवर राज कर."

मी मान्य केलं. तू सांगितलंस म्हणून मान्य केलं! आपले डोळे तपकिरी आहेत, हे माणूस मान्य करतं तसं. पुढे कोणी विचारलं की मी आपणहून हात पुढे करून दाखवायची, माझा पंजा लहान आहे, मोठी बेस मला जमत नाही.

लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, शाळेत शिकवायला लागले, तरी सुट्टीच्या दिवशी छोटी पाठीला लावून सौंसरची बस पकडायची. ते जमलं तेही तुझ्यामुळेच. लग्नाच्या बैठकीत तू माझ्या सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतंस, "आमची नंदा वाजवते. ते बंद नाही व्हायचं." सासरे अजून ते वाक्य पाहुण्यांना सांगतात. मी तिथंच बसलेली असते. आता ते सांगायला लागले की मला उठून आत जावंसं वाटतं.

जामसांवलीच्या कार्यक्रमाचं सांगू? रामाकोन्याच्या आपल्या बगीच्यात संत्र्याच्या वाळक्या फांद्या छाटताना तुझं बोट कापलं होतं, म्हणून त्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर सगळा कार्यक्रम मी वाजवला. छोटीवर. तू पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन समोर बसला होतास आणि मान हलवत होतास. संपल्यावर एक पांढऱ्या कुडत्याचे गृहस्थ तुझ्याशी बोलत उभे होते. मी लांब, बायकांच्या पंगतीत प्रसाद घेत होते.

"कोण होते रे ते?" मी नंतर विचारलं.

"नागपूरचे संगीतकार. भजनं रेकॉर्ड करतात. बेसवाला पाहिजे म्हणे. मले बोलावलं."

मी अक्षरशः उडी मारली! परतीच्या गाडीत भेटेल त्याला सांगत सुटले, आमचा भाऊ स्टुडिओत वाजवणार.

आणि तू वाजवत राहिलास, वर्षानुवर्षं. "मले पण चालू दे ना एकदा, नुसतं पाहायले," मी किती वेळा म्हटलं. तू म्हणायचास, "स्टुडिओत मोठीच लागते. छोटीचा आवाज माइकवर फाटते." आणि निघायच्या आधी दर वेळी माझी छोटी मागून न्यायचास. "हिची नेक, ही दांडी, वाकल्यासारखी वाटून राहिली. तिथं एक कारागीर हाय, दाखवून आणतो." मी माझ्या हातानं तिला ओढणीत गुंडाळून द्यायची. आपल्या बेसची एवढी काळजी करणारा भाऊ कोणाला मिळतो!

परत आलास की फोनवर भजन ऐकवायचास. एकदा मी म्हटलं, "भाऊ, मोठी इतकी मऊ कशी वाजली रे? थेट छोटीवानी?"

तू काय म्हणालास, आठवतं? "हात पाहिजे तसा."

मला लाज वाटली होती तेव्हा. माझा कान चुकला, असं वाटलं.

मग या उन्हाळ्यात, एका सकाळी तुझ्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी किती रडले ते तू पाहिलं नाहीस. आई गेली तेव्हाही मी तेवढं रडले नव्हते.

तुझ्या तेरवीला पंगती उठल्यावर मुरलीकाका माझ्याजवळ येऊन बसले. आपल्या मंडळात जन्मभर की-बोर्ड वाजवला त्यांनी, खोटं बोलायचं त्यांना काही कारण नाही.

"बेटा, बोटं कशी हाय आता?"

"कोणाची बोटं, काका?"

"तुही. आखडतात ना? भाऊ सांगे. भजनाले दोन घटका जमते, पण दिवसभर बसून वाजवणं होत नाही म्हणे."

"कोणाले सांगे?"

काकांना वाटलं, दुःखानं माझं डोकं चालत नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं. जामसांवलीला त्या नागपूरच्या माणसानं मला बोलावलं होतं. काका बाजूलाच वायरी गुंडाळत उभे होते. "त्या ताई पाहिजेत, आणि त्यांची ती लहान बेसच पाहिजे, भजनाला मला हाच गोल आवाज हवा," असं तो माणूस म्हणाला. आणि तू म्हणालास, "तिची बोटं आखडतात. तिची बेस घेऊन मी येतो."

भाऊ, नेकला कधी काही झालंच नव्हतं ना?

मी तशीच आत गेले. वहिनी एकट्याच बसल्या होत्या, भिंतीला टेकून.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

"मी म्हटलं होतं त्यांना, नंदाबाईला सांगून टाका. तर म्हणाले, तिच्यापाशी शाळा हाय, नोकरी हाय, सगळं हाय. माह्यापाशी हे एकच हाय. मग मी गप बसले. माझंही चुकलं." मग उठून त्यांनी तुझी मोठी बेस माझ्यासमोर आणून ठेवली. "घेऊन जा. माझ्याच्यानं पाहवत नाही."

माझ्यापाशी सगळं आहे, हे तू कुठून ठरवलंस? मला एकदा विचारलंस का? तू म्हटलं असतंस ना, "नंदे, मले जाऊ दे, माह्यं दुसरं काही नाही," तर मी हसत तुला बेस बांधून दिली असती. तुला माहीत होतं मी दिली असती! तरी तू मागितलं नाहीस. चोरलंस. आणि वर माझी धडधाकट बोटं गावभर आजारी करून ठेवलीस.

घरी आल्यावर मी ती सगळी भजनं पुन्हा ऐकली. माझीच बेस! तिसऱ्या तारेवर एका जागी ती किंचित घरघरते, ती घरघर मी झोपेतही ओळखीन. ती प्रत्येक भजनात आहे. माझा कान चुकलेला नव्हता.

वहिनींकडून त्या संगीतकारांचा नंबर घेऊन मी फोन केला. नाव सांगितल्याबरोबर ते म्हणाले, "अरे ताई! बोटं कशी आहेत तुमची?"

"माझ्या बोटांना कधीच काही झालं नव्हतं."

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मी दर वेळी विचारायचो हो. भाऊ म्हणायचे, अजून त्रास आहे."

"आता येऊ का मी?" मी विचारलं. किती धीर गोळा करून विचारलं, ते मलाच माहीत.

"आता काय ताई, आता बेस कंप्युटरवरच लावतो. वादक बोलावणं बंदच झालं. तुम्ही तेव्हा यायला पाहिजे होतं."

तेव्हा!

तुझी मोठी बेस इथं पलंगामागे उभी होती, कव्हरमध्ये. काल काढली आणि माझ्या स्पीकरला जोडली. आधी फोनवर तुझ्या एका जुन्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला आणि पहिल्यांदा सूर सोडून नुसता तुझा डावा हात पाहिला. तू स्वतः कधीच चार बोटं चार पडद्यांवर पसरत नव्हतास! खालच्या पडद्यांवर पहिलं बोट, दुसरं आणि करंगळी, तीन पडद्यांत भागवायचास आणि पुढच्या सुरासाठी सगळा हातच सरकवायचास. अंगठा नेकच्या मागे, मधोमध. पट्टा आखडलेला, बेस छातीशी, नेक वर उचललेली. मला जे करायला लावलंस, ते तू स्वतः केलंच नाहीस. हसत हसत मला नापास केलंस.

मी पट्टा आखडला. नेक वर उचलली. तीन बोटं ठेवली. हात पुरला. पहिल्यांदा बोटं चुकत होती, कारण छोटीवरचं अंतर अंगात बसलंय, सूर अर्ध्या वाटेत लागत होता. तारही कडक, बोटांची टोकं लाल झाली. पण संध्याकाळपर्यंत बरंच जमलं. आणि तो खालचा सूर, मोकळ्या तारेचा! छोटीवर तो पसरतो, इथे तो उभा राहतो. पायाखालच्या फरशीतून कळला मला. मुलगी अभ्यास सोडून दारात आली. "आई, हे तू वाजवून राहिली?" म्हणाली.

खरं सांगू? भजनाला मला अजून छोटीच आवडते. तुझी मोठी कितीही स्वच्छ वाजली तरी. मला निवडायला दिलं असतंस तरी मी बहुतेक तीच उचलली असती. पण दोन्ही समोर ठेवून, माझ्या हातानं उचलली असती.

मला राग येतो तो याचा की मला तुझी आठवणही धड काढता येत नाही. आईला हात धरून आणलंस ते आठवलं की मागोमाग पट्टा न आखडणारा तू आठवतोस. तू हसलास तेव्हाच तुझ्या मनात आलं होतं का, की ही पोर आपल्या पुढे जाईल? की ते पाप जामसांवलीला सुचलं आणि पट्टा नुसता आळसानं राहिला? हे एवढं तरी सांगायला तू राहायला हवा होतास. भांडायला हवा होतास. मी ओरडले असते, तू मान खाली घातली असतीस, वहिनींनी मध्ये पडून चहा दिला असता. तूच गेलास आणि भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून गेलास.

मुरलीकाकांना मी सांगितलं आहे की माझी बोटं चांगली आहेत. कसं काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण देणार आहे. तुला शब्द देते, भाऊ, तुझी कोणतीच गोष्ट मी झाकणार नाही. कोणी विचारलं, तुला बेस कोणी शिकवली, तर मी तुझं नाव सांगीन, मान वर करून सांगीन. आणि कोणी विचारलं, एवढी वाजवतेस तर नागपूरला का गेली नाहीस, तर तेव्हाही तुझंच नाव सांगीन.

तुझी धाकटी बहीण,
नंदा
पांढुर्णा