एदुविना आत्याचं पथ्य

पुकाल्पा

आत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं की क्षयाच्या गोळ्यांनी बाबांचं यकृत सुजलं. ते अर्धंच खरं होतं. सहा आठवडे ते फक्त उकडलेली कच्ची केळी खात होते, तीही अळणी. त्या उपासमारीनेही यकृत सुजलं, हे मी लपवलं, कारण रांधत मीच होते.

पण फर्मान तुझं होतं: "अगं, जंगलातलं औषध घेताना मीठ-मासा बंद असतो ना? मग ही तर सरकारची कडक गोळी!" मला अक्षरं तूच शिकवलीस, म्हणून उलट विचारलं नाही. दवाखान्यात बाबांचे पिवळे डोळे पाहून डॉक्टरीणबाई कडाडल्या, "उपाशी माणसाचं यकृत या गोळ्या पेलेल का गं? पथ्य करताय की जीव घेताय?"

तरी काल तुझा निरोप आलाच: "पोरीने चोरून मासा दिला असणार, म्हणून बाधलं." आत्या, तुझा सख्खा भाऊ आहे तो! हाडं उरलीत त्याची.

थांबवलेल्या गोळ्या परत सुरू होताना तू पथ्य सांभाळायला येणार आहेस. हे पत्र मी पाठवत नाही. वाचलंस तर येणार नाहीस. ये. तुझ्यासमोर बाबांना मीठ घातलेला मासा भरवणार आहे, सोमवारी, चौदा मार्चला.

तुझी भाची,
नेलिदा