इनेसच्या सालची बाटली

११ जानेवारी १९७९
सगळ्यात आधी आल्या तुळसाबाई! पाहुणे अजून स्टेशनातून निघालेही नव्हते, आणि ह्या शेजारीण खुर्ची धरून बसल्या. "आले का वं तुमचे गोरे व्याही?"

मग आले. आमच्या सुनेचे, इनेसचे बाबा. उंच, मिशा पांढऱ्या, तोंड बंद. स्पेनमध्ये द्राक्षांचे मळे आहेत त्यांचे, घरची लाल दारू करतात. दोन वर्षांमागं आमच्या पोरानं, दिनकरनं, तिकडून इनेसला आणली, तेव्हा रागानं लग्नाला आले नव्हते. आज पोरगी गळ्यात पडली, तर पाठीवर थोपटून बाजूला झाले. आई नाही वं तिला. एवढाच बाप.

१२ जानेवारी
दुपारी पानं घेतली, पाटवडीचा रस्सा केला होता. व्याह्यांनी पिशवीतून एक बाटली काढून समोर ठेवली. काळपट, धूळ बसलेली. इनेस म्हणाली, "आई, मी झाली त्या साली बाबांनी ठेवली. माह्या लग्नात उघडाची होती." डोळे कसे चमकले पोरीचे!

तर आमचे हे — जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही यांनी — "ह्या घरात दारू नाही उघडाची!"

मराठीतच बोलले. पण आवाज काय, कोणालाही कळतो. व्याह्यांनी बाटली उचलून पिशवीत ठेवली. इनेसचा हात भातातच राहिला.

आता ही बाटली अशीच परत गेली तर? लग्न त्यांनी मानलंच नाही, असंच की नाही!

१३ जानेवारी
भोगी. लेक गोपिका पोरं घेऊन महाल भागातून आली. नातू व्याह्यांच्या मिशीला हात लावून ओरडला, "आजी, खरी आहे!" व्याही हसले नाहीत. तिळाच्या भाकरी मात्र दोन खाल्ल्या. बाटली पिशवीतच. मलाच काही करावं लागेल.

१४ जानेवारी
केलं!

यांना म्हटलं, "आज संक्रांत. तुमचा तीळगूळ ते घेऊन राहिले ना? मग त्यांचंही घ्या. तुम्ही नका पिऊ. मी पिते."

"तू?"

"मी!"

तुळसाबाईंना ठसकाच लागला, तीळगूळ अडकला.

बूच काढायला दिनकर चाकू शोधत फिरला. व्याह्यांनी आपल्या खिशात हात घातला — बुचाचा पेच! इतके दिवस खिशात घेऊन हिंडत होता माणूस! मला भरूनच आलं.

फुलपात्रात दिली. आता मी भांड्याला तोंड लावत नाही, माहेरापासूनची सवय. देवाला म्हटलं तू पाहून घे, मान वर केली आणि वरूनच धार सोडली. व्याही ओरडलेच! वाटलं, चुकलं काही. इनेस हसते का रडते, काही समजेना — "आई, आमच्या गावचे म्हातारे अशीच पितात! चोचीच्या काचभांड्यातून, वरून!" व्याह्यांनी फुलपात्र घेतलं, मान मागं टाकली — कोटावर ओघळ! म्हटलं, "सवय गेली जी तुमची!"

मग त्यांनी शिकवलं. आधी वास. घाई नाही. लवंग आली, पिकलं जांभूळ आलं, मग माझ्या सागवानी पेटीतल्या शालूचा वास. जीभ आधी आवळली, मग सगळं मऊ, मग छातीत ऊब. गिळली तरी चव तोंडातून उठायला तयार नाही, तुळसाबाईंसारखी! आंबट नाही, कडू नाही. सव्वीस वर्षं अंधारात बसून शहाणी झालेली.

"बाबा विचारून राहिले, कशी आहे?"

म्हटलं, "सांग त्यांना, पोरगी चांगल्या घरची आहे."

तिनं सांगितलं. मग त्या माणसानं लेकीला जवळ घेतलं ते सोडेचना.

यांनी दुरूनच वास घेतला. "हूं." थोड्या वेळानं पुन्हा घेतला.

१५ जानेवारी
आज संक्रांतीची कर, प्रवासाला निघायचं नसतं. करीच्या दिवशी जाऊ दिलं नाही व्याह्यांना. बसले मग, बोरं खात. रिकामी बाटली धुवायला नेली होती मी. वास जाईल म्हणून तशीच ठेवली.

१६ जानेवारी
व्याही गेले. पुढच्या संक्रांतीला नक्की येतो म्हणाले, ह्या सालच्या द्राक्षांची बाटली घेऊन. म्हटलं, वेल तर अजून फुटायचे आहेत! आणि संक्रांतच काहून? आपल्याकडे पहिल्या संक्रांतीचं बोरन्हाण करायला लेकरू कुठं आहे?

इनेस खाली पाहत म्हणाली, "सप्टेंबरात येऊन राहिलं, आई."