जुळेपर्यंत माप

४ ऑक्टोबर
आमच्या गावचा दवाखाना बंद झाला, म्हणून या वयात कावालाच्या इस्पितळात यावं लागलं. संध्याकाळी बोलायला कोणी नाही, म्हणून लिहिते. खोली छान आहे. खिडकीतून बंदर दिसतं, घरमालकिणीने ताटलीत अंजिरं ठेवली होती. काम नेहमीचंच. पोटातली महाधमनी फुगली की आतून कापडी नळी बसवतात. ती किती रुंद हवी, कुठे धरेल, हे सीटी स्कॅनच्या चित्रांवर मोजून मी सांगते. इथला नियम मला आवडला. दोघांनी वेगवेगळं मोजायचं. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर दोघांनी पुन्हा. आकडे जुळेपर्यंत नळी मागवायची नाही.

७ ऑक्टोबर
पहिला पेशंट स्त्रातिस, होड्यांच्या फटी बुजवणारा. फुगवटा माझ्या मापाने चोपन्न मिलिमीटर. माझ्यानंतर प्रमुख डॉक्टर वामवाकास यांनी मोजला, तर सत्तावन्न. ते माझ्या मुलाच्या वयाचे. चष्मा बदला म्हणाले. पुन्हा मोजलं. मी साठ, ते चौसष्ट. उद्या परत.

८ ऑक्टोबर
मापं घेण्याआधी वॉर्डात गेले.
"शिंपीणबाई, इतकी मापं घेताय, तर एक कोटही शिवून द्या," स्त्रातिस म्हणाला.
बायको मारिगो मोजा विणत होती. लग्नात तरी कुठे शिवला होता, असं तिने मान वर न करता विचारलं. मग तो म्हणाला, काल कमरेत कळ आली, चार वेळा. आधी का सांगितलं नाही म्हणून मी त्याला झापलं.
चार वेळा. काल आम्ही दोघांनी मिळून मोजलं तेवढ्याच वेळा.
मापांच्या खोलीत येऊन चित्र उघडलं. महिन्यापूर्वीचं चित्र. काल मी मारलेली रेघ फुगवट्याच्या काठाला टेकली होती. आज ती काठाच्या बरीच आत होती. मोजलं नाही. दिवसभर त्याला कळ आली नाही.

९ ऑक्टोबर
वामवाकासना सांगितलं, मोजलं की वाढतं. आहे तो आकडा धरा, आजच नळी मागवा, नाहीतर हा माणूस जाईल.
ते हसले नाहीत. "जुळल्याशिवाय सही करणार नाही, आर्गिरोबाई. नियम तुम्हालाच आवडला होता ना?"
माझ्यासमोरच त्यांनी मोजलं. एकोणसत्तर. वॉर्डातून मारिगोची हाक आली.

१० ऑक्टोबर
मी नकार दिला. माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं. त्र्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. जुळत नाही, पुन्हा — नियमाप्रमाणे —

११ ऑक्टोबर
स्त्रातिस गेला. धमनी फुटली. नळी मागवलीच नव्हती.
मारिगोला दिलं: कवळी, चपला, बिछान्याखाली घरंगळलेला लोकरीचा गुंडा.
वामवाकासना दिलं: चित्रांची डिस्क, मापांच्या खोलीची किल्ली, माझा राजीनामा. डिस्क त्यांनी लगेच लावली. मृत्यूच्या नोंदीत शेवटचं माप लागतं, तेही दोघांचं. मी दारात होते. माऊसचा आवाज आला आणि माझ्या कमरेत कळ —
घरी आले. त्यांचं अजून जुळलेलं नाही. आत्ताही पुन्हा —