स्क्रूवरची लाल रेघ

चाचा, काल घरातला पंख्याचा स्विच खोलला. चांगला चालू होता, तरी खोलला. बायको म्हणाली, "अहो, न बिघडलेलं कशाला उकरता?" मी म्हटलं, "चाचांनी लावलेली सवय." अर्धं खरं बोललो. उरलेलं तुम्हाला सांगायचं राहिलंय, आणि तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली!

पिंपरीच्या आपल्या कारखान्याचा फिरता दवाखाना तुमच्या ताब्यात होता, विजेचं सगळं काम तुमचं आणि मी तुमच्या हाताखाली. गाडीतच तपासणीचा पलंग, पंखा, दिवे, सुया उकळायचं विजेचं भांडं. "घर एका जागी बसतं रे, ही दिवसभर नाचते. हिचे स्क्रू ढिले होणारच," असं म्हणायचात. म्हणून दर शनिवारी आपण दोघं बसायचो, एक बाजू तुमची, एक माझी. स्विच खोलायचा, वायरीचं टोक घासायचं, स्क्रू आवळायचा आणि त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरला. खिशातली ती बाटली बघून कॅन्टीनमध्ये सगळे चिडवायचे, "काय चाचा, चाचींची उचलली काय?" तुम्ही आपले हसायचात.

त्या शनिवारी मला सांगवीला मुलगी बघायला जायचं होतं. माझ्या बाजूच्या भांड्याच्या स्विचवरची रेघ तुटलेली होती. मी पाहिली. हो, पाहिली! दोन मिनिटांचं काम, पण मला मेल्याला घाई. तुटक्या रेघेवर नवी रेघ ओढली आणि सायकल काढली. सांगवीला मुलीनं माझ्या बोटावरचा लाल डाग बघून तोंडाला पदर लावला. मग मी ऐटीत सगळं सांगितलं, आम्ही एकेक स्क्रू कसा तपासतो ते. होकार आला. "इतकं जपून काम करणारा माणूस," म्हणाली म्हणे.

मंगळवारी गाडी चाकणला, कांदाबाजाराजवळ उभी होती. भांडं तासभर चालू राहिलं, स्विच तापून वितळला आणि बंद करायला गेलेल्या सिस्टरांचा तळवा भाजला. साहेबांनी आपल्याला उभं केलं. तुम्ही जळक्या स्विचकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "साब, ती बाजू माझी होती." गाडी तुमच्या हातून काढली, तुम्हाला स्टोअरमध्ये बल्ब वाटायला बसवलं. जाताना बाटली माझ्या हातात ठेवलीत आणि एवढंच म्हणालात, "आधी आवळ बेटा, मग ओढ."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. त्यानंतर रोज तुमच्यासोबत चहा प्यायलो, तुमच्या जनाज्याला खांदा दिला, पण तोंड उघडलं नाही. फार लाज वाटते, चाचा. ती रेघ माझी होती.

आता हे पत्र कुठे ठेवू? कपाटात ठेवलं तर बायकोच्या हाती लागेल. त्या लाल डागाची गोष्ट ती अजून नातवंडांना कौतुकानं सांगते, आणि मी शेजारी बसून ऐकतो.