आईची कांती

ता. ४ फेब्रुवारी

चि. छबू,
अ. उ. आ.

फोनच करणार होते, पण फोनवर तू हसून विषय उडवतेस आणि मग दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

काल दुपारी दवाखान्यात माझ्या औषधाच्या खिडकीशी एक बाई आल्या. मलमाची चिठ्ठी पुढे केली आणि पर्समधून एक बाटली काढून विचारलं, की मलम लावलं तरी हे तेल सोबत चालेल का. बाटली हातात घेतली, तर बाटलीवरून आपली आई माझ्याकडे बघत होती.

आपली आई! गोल काचेची बाटली, लाकडी बूच, मानेला सुतळी बांधलेली आणि त्यावर आईचा फोटो. खाली नाव 'आईची कांती'. त्याखाली ओळ, 'पंचाहत्तरीतही एक डाग नाही. जन्मभर हेच तेल, दुसरं काही नाही.' मी दोनदा वाचलं. त्या बाई विचारत राहिल्या की तुम्हाला बरं वाटत नाहीये का.

एक डाग नाही? छबू, आईच्या उजव्या गालावरचा डाग तू कुठे टाकून आलीस? तिथे गाठ होती. ती साधी पुटकुळी आहे असं समजून आई कुणीतरी सांगितलेलं तेल तिच्यावर महिनोन्महिने चोळत होती. मी सुट्टीला आले, ती जखम पाहिली आणि तिला हाताला धरून इस्पितळात नेलं. कर्करोग निघाला. गालाचा तुकडा काढून कानामागची कातडी तिथे लावली, म्हणून आई आज आहे. तू तेव्हा दुकानासाठी लाकडी कंगवे बघत गावोगाव हिंडत होतीस, तरी तुला सगळं रोज कळवत होते. तुला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

ज्या गोष्टीपायी तिचा जीव जाणार होता, तीच गोष्ट तू तिच्या तोंडाने विकते आहेस. आणि शस्त्रक्रियेची खूण पुसून! त्या बाटल्या ताबडतोब काढ. आईला अजून काही माहीत नाही. मी त्या बाईंकडून बाटली मागून घेतली आणि कपाटात वर टाकली आहे.

लोभ आहे म्हणूनच एवढी आग आहे. तो टिकवायचा की नाही ते तुझं तू बघ.

ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच उघडलं, हीच चूक झाली. कान लाल झालेले बघून समोरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, हा कुठल्या तेलाचा परिणाम!

हसू नकोस म्हणशील. बरं, नाही हसत. पण मलाही राग येतो, हे तुम्हा लोकांच्या गावीच नसतं. तुला निसर्ग म्हटलं की बुरशी आठवते आणि तेल म्हटलं की जखम. अगं, माझं तेल चांगलं आहे. तीळ मी स्वतः निवडून घेते, लाकडी घाण्यावर गाळून आणते, त्यात झेंडूच्या पाकळ्या उन्हात मुरवते. वास घालत नाही, रंग घालत नाही. कोरड्या कातडीला असं तेल तुझ्या सगळ्या खिडकीत मिळायचं नाही. दोडक्याच्या जाळीच्या घासण्या, मातीच्या वाट्या, गालावर फिरवायचे दगडी रूळ, एकेक वस्तू मी हाताने पारखून मांडली आहे. घरात मात्र पाहुण्यांना सांगताना काय? मोठी दवाखान्यात असते आणि धाकटी, ती आपली तेल विकते!

आता फोटोचं. लेबल करणारे गृहस्थ म्हणाले की तुमच्याकडे सगळं आहे, फक्त चेहरा नाही. मला आईपेक्षा सुंदर चेहरा आठवेना, यात माझा काय गुन्हा? डाग मी पुसायला सांगितला नव्हता. त्यांनी सगळ्यांचेच फोटो साफ करतात तसा केला. मी पाहिलं आणि खरं सांगते, मला तो चेहरा बघून बरं वाटलं. ती आजारी पडायच्या आधीची दिसत होती. आणि त्या ओळी म्हणजे थोडं काव्य गं. बाटलीवरचं कोण शपथेवर वाचतं?

आईला मी तिच्या वाढदिवसाला बाटली देऊन चकित करणार होते. ती रागावेल असं तू परस्पर ठरवून टाकलंस. तू तरी विचारलंस का तिला? पुढच्या छपाईला ओळ बदलेन. तोवर मला फाडून खाऊ नकोस.

रागावलीस तरी माझीच आहेस, हे विसरू नकोस.

छबू


ता. १९ फेब्रुवारी

छबू,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही.

बाटलीवरचं कोण शपथेवर वाचतं, असं तू विचारलंस. तर ऐक, वाचनालयातल्या बाई वाचतात.

आई रोज सकाळी वर्तमानपत्र चाळायला तिथे जाते. गेल्या आठवड्यात त्या बाईंनी कौतुकाने टेबलाच्या खणातून बाटली काढली आणि आईला म्हणाल्या, की एवढी प्रसिद्ध झालात आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नाहीत. आईला आधी कळेचना. मग तिने चष्मा लावून वाचलं. गालावरच्या खुणेबद्दल त्या बाई म्हणाल्या, की ती पडण्याबिडण्याची असेल असं त्या समजत होत्या. मग लाजत सांगितलं, की त्यांच्या नाकाच्या कडेला एक बारीकशी जखम आहे, खपली धरते आणि पुन्हा चिघळते. आमच्या दवाखान्यात नंबर लावला होता, तो त्यांनी रद्द केला. आईचा चेहरा पाहून वाटलं, की हेच तेल लावावं. थंडी सुरू झाल्यापासून लावत आहेत.

आईने त्यांचं नाक पाहिलं आणि जागच्या जागी ओळखलं. बाईंच्या दंडाला धरलं आणि तशीच, वाचनालय उघडं टाकून, त्यांना माझ्या खिडकीपर्यंत घेऊन आली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. काल उत्तर आलं. आईला होतं तेच आहे. जखम खोल गेली आहे, नाकपुडीची कड जाणार. पुढे पसरणार नाही असं डॉक्टर म्हणाले, ते त्यांचं नशीब, तुझं पुण्य नव्हे.

घरी आल्यावर आईने मला विचारलं, मला हे आधीच माहीत होतं का. मी कपाटातली बाटली काढून दिली. तेव्हा ती जे बोलली ते मी तुला लिहिणार नाही. तिची ओरड तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त होती. मी त्याच दिवशी तिला सांगितलं असतं, तर त्या बाई आठवडाभर आधी आल्या असत्या, म्हणाली.

आज सकाळी ती एकटी बसमध्ये बसली. तुझ्याकडेच येते आहे. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली.

ताई


ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तू तिला पाठवलं नाहीस हे मला पटत नाही. असो.

त्या दिवशी दुकानात बरीच गर्दी होती. आई आत आली, चपला दाराशी काढल्या, कुणाच्या घरी आल्यासारख्या. दर्शनी भिंतीवर तिचा दारभर उंचीचा फोटो आहे, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. लोक ओळखून हसले, एकीने तर तिच्यासोबत फोटो काढू का म्हणून विचारलं. आईने तिला जवळ बोलावून आपला उजवा गाल दाखवला आणि भिंतीवरच्या गालाकडे बोट केलं. मग तिने शाळेत चित्रकलेच्या तासाला लावायची तो आवाज लावला. म्हणाली, की उजेड डावीकडून येतोय आणि सावली कुठेच नाही, असा गाल माणसाला नसतो, असं चित्र आणलं असतं तर तिने शून्य दिलं असतं. मग सगळ्यांना सांगितलं, की हे तेल तिने जन्मात लावलेलं नाही, दुसरंच एक तेल लावलं होतं, आणि त्याने काय झालं तेही सांगितलं.

दुकान रिकामं झालं. मी तिला आत नेऊ लागले, तर हात झटकला. मी रडले. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, की रडून झालं की वाचनालयातल्या बाईंचा पत्ता लिहून घे. जेवायलासुद्धा थांबली नाही. परक्यासारखी आली आणि परक्यासारखी गेली. माझ्या दुकानात, माझ्या माणसांसमोर! तुम्हा दोघींना एवढी लाज काढायची होती, ती काढून झाली.

तरीही मी विचार केला आहे. त्या ओळी मी काढते. आणि लेबल करणाऱ्यांनी एक गोष्ट सुचवली, ती मला पटली. आईचा खरा फोटो घ्यायचा, खुणेसकट. लोक म्हणे आजकाल गुळगुळीत चेहऱ्यांना विटले आहेत, खरी खूण काळजाला भिडते. खोटं राहणार नाही आणि आईचा मानही राहील. तुझं ती ऐकते. तू तिच्याकडून एवढा होकार मिळव.

एवढं केलंस तर मी मागचं सगळं विसरेन.

छबू


ता. २८ फेब्रुवारी

चि. छबूस,
अ. उ. आ.

तू ताईला लिहिलेलं पत्र तिने मला वाचायला दिलं. शहाणी झाली आहे, आता लपवत नाही. म्हणून उत्तर मीच देते.

तुम्ही दोघी माझ्या तोंडावरून भांडता आहात, पण माझ्या तोंडचा शब्द कुणालाच नको होता. एकीने मला न विचारता बाटलीवर चिकटवलं, दुसरीने मला न विचारता कपाटात टाकलं. मी म्हातारी झाले म्हणजे घरातली वस्तू झाले काय?

परक्यासारखी आले म्हणतेस. दुकानात पाऊल टाकताना तुझी मांडणी पाहिली, तेव्हा आधी ऊर भरूनच आला होता. वाट्यांचे रंग फिकट ते गडद लावले आहेस, कंगव्यांवर खिडकीचा उजेड पडेल असे ठेवले आहेस. ती नजर माझी आहे, हे मला दिसलं. आणि मग समोर ती भिंत आली. छबू, इतका राग मला माझ्या आजाराचासुद्धा आला नव्हता.

आता खुणेचं. आधी ती विकत नव्हती म्हणून पुसलीस. आता विकेल असं कुणी सांगितल्यावर परत काढायला निघालीस. यात मी कुठे आहे गं? ज्या दिवशी पट्टी काढली, त्या दिवशी आरशासमोर मी किती वेळ उभी होते हे मी ताईलाही सांगितलेलं नाही. ते काळजाला भिडवून घ्यायला मी गिऱ्हाइकांना देऊ? तेलाच्या बाटलीवर?

तेल विक. चांगलं आहे, ताईसुद्धा मान्य करते, तिच्या टाचांना लावते. तेलाला तेल म्हण. माझा चेहरा उतरव, भिंतीवरचाही.

आणि त्या बाईंची शस्त्रक्रिया ५ मार्चला आहे. त्यांच्या घरी दुसरं कुणी नाही. मी जाणारच आहे. तू काय करायचं ते मी सांगणार नाही, तू लहान नाहीस.

आशीर्वाद आहेत. फोटो नाही.

आई


ता. २७ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो उतरवला. तो भिंतीवरून निघताना रंगाचे पोपडे घेऊन निघाला, भिंत विद्रूप झाली आहे. तशीच राहू दे म्हटलं आहे. विकलेल्या बाटल्या परत मागवायला दुकानाच्या दारावर आणि वर्तमानपत्रात सूचना दिली, तीत कारण स्पष्ट लिहिलं. काही जणींनी येऊन मला नाही नाही ते सुनावलं. एकीने बाटली परत दिली नाही, तेल छान आहे म्हणाली. तिला मात्र मी जखमेचं आधी विचारलं. आता सगळ्यांनाच विचारते. लेबल करणाऱ्यांचं आणि माझं भांडण होऊन ते गेले.

ज्यासाठी पत्र लिहिते आहे ते वेगळंच आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी तू मला इस्पितळात पाहिलंस, पण नंतरचं तुला माहीत नाही. ताईला सांगितलं होतं, तुला कळवू नको असंही म्हटलं होतं, पण आता पुन्हा लपवालपवी नको.

मी दर बुधवारी त्या बाईंकडे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं. दुसऱ्यांदा उघडं ठेवलं. नाकावर जाड पट्टी आहे, चष्मा बसत नाही, त्यामुळे त्यांना एक अक्षर वाचता येत नाही. जन्म पुस्तकांत गेलेली बाई! त्यांनी माझ्यापुढे वर्तमानपत्र टाकलं आणि वाच म्हणाल्या. तेवढाच शब्द. तेव्हापासून मी वाचते, त्या भिंतीकडे तोंड करून ऐकतात. चहा विचारत नाहीत. मी क्षमा मागितली, तर म्हणाल्या की ती त्यांच्याकडे नाही, आणि असली तरी मला देणार नाहीत.

काल तिसरं पान वाचताना मी मधला एक चौकोन गाळून पुढच्या बातमीवर गेले. कशाने कळलं कुणास ठाऊक, माझा आवाज अडखळला असेल. काय गाळलं म्हणून त्यांनी विचारलं. जाहिरात आहे म्हटलं. तीही वाच म्हणाल्या.

दुसऱ्याच कुणाच्या तेलाची होती. मी वाचू लागले. डाग नाहीसे, वय नाहीसं, निसर्गाचा स्पर्श, आजीचा विश्वास. मधेच थांबले. त्यांनी भिंतीकडून मान वळवली, पट्टीवरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की मोठ्याने, सगळं ऐकू आलं पाहिजे. मी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली आणि खालच्या पत्त्यापर्यंत वाचलं.

पुढच्या बुधवारी जाणार आहे. तुझ्या मनात माझ्यासाठी जागा असेल तर तशीच राहू दे, रागाची असली तरी.

तुझी,
छबू