स्टेअरिंग बॉक्समधलं ग्रीस

मिस्त्री, पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही होतात तेव्हा लिहायला हवं होतं. तेव्हा मला धीर नव्हता, आणि आता तुम्ही नाही. चौथीपर्यंतच शिकलो, तेव्हा कुठे चुकलं तर समजून घ्या. सून दोनदा विचारून गेली, बाबा, काय लिहिताय? मी सांगितलं, औषधांची यादी.

काल थोरल्याने त्याचा पिकप दुरुस्तीला टाकला. स्टेअरिंगचं तेल गळत होतं. तिथल्या माणसाने उघडूनही न बघता सांगितलं, अख्खं बॉक्स बदला. मुलगा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमच्या वेळी काय करायचात हो?" साधा प्रश्न. मी म्हटलं, सील बदलायचो. आणि ताटावरून उठलो. तेव्हापासून छातीत धडधडतंय. डॉक्टर म्हणतात, गॅस आहे.

मंडपवाल्याचा तो जुना पिकप तुम्ही विसरला नसाल. लढाईच्या वेळचा, दार दोरीने बांधलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा रोज कुठे ना कुठे असायच्या, आणि बांबू, फळ्या, कर्णे लादून तो परळ, दादर, गिरगाव असा हिंडत असायचा. स्टेअरिंग बॉक्सच्या खालून तेल ठिबकायचं. मंडपवाला लालबागच्या आपल्या गॅरेजच्या दारातूनच ओरडत यायचा, "मिस्त्री, माझ्या गाडीने अख्ख्या परळला तेलाचा सडा घातला हो!" तुम्ही गाडीखालून बाहेर न येताच म्हणायचात, "गळता तोपर्यंत तेल आसा. गळाचा थांबला काय माका सांग."

शेवटी एकदा तुम्ही तेल अडवणारं ते जुनं सील उपसून काढलंत. पत्र्याच्या कडीत बसवलेलं कातडं, कड पार खाऊन गेलेली. तुमची रीत अशी, की दुकानात तोंडी माप सांगून माल आणायचा नाही. जुना तुकडा सुतळीत ओवायचा आणि गळ्यात घालून जायचं. हातात धरला की माणूस तो कुठेतरी ठेवतो आणि विसरतो, असं तुमचं म्हणणं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकतंच लग्न ठरलेलं. गळ्यात तेलकट सील अडकवून गिरगावात जायची लाज वाटली. गल्लीच्या वळणावर मी ते काढलं आणि पँटच्या खिशात टाकलं.

गिरगावात पोचलो तर रस्ता माणसांनी भरलेला. दुकानाकडे जायला वाट नाही. दोन मिनिटं बघावं म्हणून थांबलो आणि कधी आत ओढला गेलो ते कळलंच नाही. झालाच पाहिजे, झालाच पाहिजे, घसा बसेपर्यंत ओरडलो. खोटं कशाला सांगू, सीलची आठवणही राहिली नव्हती. मग पुढून लाठ्या आल्या, सगळे पळाले, मीही पळालो. थांबलो तेव्हा एका पायात चप्पल नव्हती आणि खिशात सील नव्हतं. दुकानांनी फळ्या लावून घेतलेल्या. गॅरेजात आलो तर तुम्ही विचारलंत, "गावला?" मी म्हटलं, उद्या देतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हरताळ. तिसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाला दारात. "संध्याकाळी सभा आहे. बांबू काय डोक्यावर नेऊ?" तुम्ही रे रोडला दुसऱ्या गाडीच्या कामाला गेला होतात. मी गाडीखाली सरपटतो. ग्रीसचा डबा शेजारीच असतो. बोटांनी ग्रीस आत दाबत जातो, बॉक्स भरेपर्यंत. घट्ट ग्रीस गळत नाही. पण आतला मळसूत्राचा दांडा फिरला की ग्रीस बाजूला सरतं आणि तिथेच बसून राहतं. तेल परत वाहून येतं, ग्रीस येत नाही. मग दांडा कोरडा फिरतो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्हीच शिकवलेलं. मी मनाशी म्हटलं, सभा होऊन जाऊ दे, दोन दिवसांत सील आणून घालतो.

दुपारी तुम्ही वाकून खाली बघितलंत. थेंब नव्हता. "सील घातलंस मां?"

"घातलं."

तुम्ही बोट फिरवूनही बघितलं नाहीत. माझं काम तुम्ही कधीच तपासायचा नाहीत.

दोन दिवसांचा महिना झाला. गाडी रोज सभेला, आणि गाडी मागून घ्यायची तर कारण सांगावं लागणार. मग ड्रायव्हर तक्रार घेऊन आला, स्टेअरिंग जड झालंय. मी म्हटलं, मी बघतो. तुम्ही म्हणालात, थांब, आधी मी चालवून बघतो. मागे फळ्या तशाच होत्या. चिंचपोकळीच्या पुलाच्या उतारावर चाक वळलं ते परत सरळ होईना. गाडी कठड्यावर गेली. दुसरं कोणी मध्ये नव्हतं, एवढं तरी. तुमचं उजवं मनगट स्टेअरिंगच्या चाकात सापडलं.

पिकप ओढून गॅरेजात आणला तेव्हा मी सगळ्यांना घरी पाठवलं. बॉक्स एकट्याने उघडलं. ग्रीस काड्यांनी खरवडलं, रॉकेलने धुतलं, चिंध्या जाळल्या. मग इस्पितळात आलो. तुमचा हात दोरीने वर टांगलेला. तुम्ही विचारलंत, "बॉक्सात काय गावला?"

"मळसूत्र झिजलंय. दांडा अडकला."

"आणि तेल?"

"सांडून गेलं असेल."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बरा." तेवढ्यात मंडपवाला आत घुसला, हातवारे करत. "कोणी केलं होतं ते काम? नाव सांगा मला!" तुम्ही उशीवरून मानही उचलली नाहीत. "माझा काम. मी बघूक नाय."

हाड बसलं, पण वाकडं बसलं. तुमच्या खोलीवर आलो होतो एकदा, काकींनी मलाही पान वाढलं. तुम्ही डाव्या हाताने भात कालवत होतात आणि काकी तुमच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून देत होत्या. तुम्ही हसून म्हणालात, "बघ, परत लहान झालंय." मी हातातला घास परत पानात ठेवला. काकींना वाटलं कालवण तिखट झालं, त्यांनी वाटीत दही आणून दिलं. मी ते खाल्लं. पुढच्या शिमग्याला तुम्ही गावी गेलात ते गेलातच. पाना धरता येत नसलेला मिस्त्री मुंबईत काय करणार? गॅरेज माझ्याकडे आलं. लोक मला मिस्त्री म्हणायला लागले. मी पहिल्यांदा हाकेला ओ दिली नाही.

गणपतीला ये म्हणून तुमची पत्रं यायची, पुतण्याच्या अक्षरात. दर वर्षी मी काहीतरी कारण कळवलं. सील पाचशे तरी बदलली असतील मी त्यानंतर. हात बरोबर चालायचा. काम झालं की गाडीखालीच पडून राहायचो थोडा वेळ.

हे पत्र मी टाकणार नाही. सून सफाई करील तेव्हा तिला सापडू नये म्हणून फाडूनच टाकीन. म्हणून एक लिहून ठेवतो, जे बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्ही गेल्याचं कार्ड आलं तेव्हा गॅरेजच्या दारात उभं राहून वाचलं, आणि पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारं कोणी नाही, असं. रडू मागून आलं.

पण सुटलो कुठे? ते "बरा" तुम्ही सगळं ओळखून म्हणालात, की माझ्यावर विश्वास ठेवून? ओळखून म्हणाला असाल तर माझा थोडा भार हलका होईल. विश्वासाने म्हणाला असाल तर काय करायचं ते मला सुचत नाही. शिव्या घातल्यात तरी चालतील, पण काय ते कळवा, मिस्त्री. आणि लवकर कळवा, माझ्याने आता फार थांबवत नाही.