केबिनमधला चहा

गारखेडा, मंगळवार संध्याकाळ

आज कारखान्यात साहेबांनी केबिनमध्ये बसवून कपबशीतून चहा पाजला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"साळवे, उद्या मालक विचारतील, मोटर कशी जळली. रफीकनं चालू सोडली म्हणून सांगा. तुम्ही चर्चवाले, तुमच्यावर विश्वास ठेवतील."

वा. मी कधी खोटं बोललो नाही, त्याचं व्याज साहेबांना खायचंय.

"मोटर तापतेय, बंद करतो," असं मशीनवरचे रफीकभाई माझ्यासमोर म्हणाले होते. "चालू राहू द्या," हे साहेबांचे शब्द. नोकरी मात्र रफीकभाईंची जाणार.

आणि मी काय केलं? "बघतो" म्हणालो आणि चहा संपवला. बशीतलासुद्धा.

सुटताना रफीकभाईंनी गेटवर गाठलं. "साळवेसाब, केबिन की चाय कैसी थी?"

"साखर लई होती."

ते हसले. मला हसता आलं नाही.

रविवारी चर्चमध्ये मोठ्यानं आमेन म्हणायला काय जातं? खरी उपासना उद्या, मालकांपुढं, साहेबांच्या देखत. ऐकलं तेच सांगणार. माझी नोकरी गेली तर जाऊ दे.

चहा घरूनच पिऊन जाईन.